वॉशर

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं, तसा त्यावर झोपलेल्या प्लंबरने बायकोचा हात घट्ट धरला. त्याच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा होता, आणि व्हॉल्व्हचा काही भरवसा नसतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? काल रात्री दोघांनी नेहमीसारखं बायबल वाचलं, तेव्हा त्याने पानात खूणसुद्धा न ठेवता ते मिटलं होतं.

"स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून ठेवलाय," तो पुटपुटला. "किती वर्षं माझ्या मागे लागली होतीस. आता माझ्यावाचून काही अडणार नाही तुझं."

"बघितलं मी. सकाळी प्रार्थना केली, पाना घेतला आणि वॉशर काढून टाकला. गळतोय पुन्हा."

"अगं, वेड लागलं का तुला?"

"मला? सगळी आवराआवर करून तुम्ही निघालात! अहो, प्रभूने परत पाठवलं तर नळ वाट बघतोय. आणि ठेवूनच घेतलं, तर मी येईपर्यंत तिथले नळ बघा. दोन्हीकडे गाठ माझ्याशीच आहे."

नर्सने हसू दाबत स्ट्रेचर आत ढकललं. दार लागता लागता प्लंबरने मान उचलली. सकाळपासूनची भीती कुठल्या कुठे पळाली होती. चेहऱ्यावर आता निव्वळ धंद्याची काळजी होती.

"अगं ए, तो वॉशर कुठे टाकलास? त्या मापाचा आता मिळत नाही!"

"बायबलमध्ये आहे!" ती बाहेरून ओरडली. "काल जिथे थांबलो, तिथे खूण म्हणून!"