वायच्या बटणावरचं कुंकू

खंडेनवमीला पतपेढीतल्या कॉम्प्युटरला कुंकू लावायचा मान कालिंदीबाईंचा. गेल्या साली तिथल्याच कारकून यज्ञेश्वरनं चुकून सगळी फ्लॉपी पुसली आणि साहेबांना नाव सांगितलं बाईंचं. बाईंची नोकरी गेली, शिमग्यापर्यंत बाईही गेल्या.

यंदा त्यांच्या खुर्चीकडे न बघताच त्यानं मशीन चालू केलं. फ्लॉपी करकरली. त्यानं एक अक्षरही टाईप केलं नव्हतं, तरी काळ्या पडद्यावर गेल्या सालचा तोच हिरवा प्रश्न आला : सगळं पुसायचं? हो असेल तर वाय दाबा.

वायच्या बटणावर ओलं कुंकू होतं.

"बाळासो, पूजा केलीस व्हय रं?"

"न्हाय की," शिपाई दारातनं म्हणाला. "कुलूप आत्ता तर काढलंय. कुकू आणायचंच ऱ्हायलंय."

यज्ञेश्वरनं पुसायला रुमाल काढला. बटणाला त्याचा हात अजून लागलाही नव्हता.

रुमालावर त्याच्याच बोटाचा लाल ठसा उमटला होता.