माळावरची सहल

शाळेची सहल तीनशे वर्षं मागे, अमेरिकेतल्या गवताळ माळावर नव्याने वसलेल्या वस्तीत उतरली. बाकीची मुलं बैलगाडीत चढून धिंगाणा घालत होती. मृण्मयी मात्र एका मातीच्या झोपडीत, तापाने फणफणलेल्या चिमुरडीपाशी बसून राहिली. दप्तरातलं औषध काढून तिने घाबरतच गाईडकडे पाहिलं.

"देऊ का, काका?"

"दे."

औषध पाजल्यावर चिमुरडीच्या आईने मृण्मयीचा हात गच्च धरला. तिचे डोळे भरून आले होते.

बाहेर येताच मृण्मयीने विचारलं, "आता वाचेल ना ती?"

"नाही गं. दर सहलीत कुणीतरी औषध देतंच. घडून गेलेलं बदलत नाही, म्हणून तर तुम्हाला इथे येऊ देतात."

ती आई दारात येऊन आशेने बघत होती. मृण्मयीने हसून मान डोलावली.