पॉइंट आठ टँकर

टँकरवाटपाचा प्रोग्राम युसराच सांभाळायची, आणि त्यात हर्सूलकडच्या तिच्याच वस्तीपुढं रोज शून्य यायचं. लई डोकं फोडल्यावर गोम सापडली. आकडे साठवणारी ॲरे पूर्णांकांची होती, पॉइंटच्या पुढचं सगळं मुकाट गिळायची. तिनं ती बदलली. शून्याचं पॉइंट आठ झालं.

तिनं लगेच घरी फोन लावला. "अम्मी, ड्रम धोके रखो. कल टँकर आ रा."

तिच्या ऑफिसातले साहेब स्क्रीनकडं बघून हसले. "पोरी, पॉइंट आठ टँकर कोणता ड्रायव्हर नेईल? आकडे पूर्णच पाहिजेत. सरक, मी करतो."



त्यांनी स्वतःच्या कॉलनीच्या चार पॉइंट दोनचे पाच केले, आणि युसराच्या वस्तीच्या पॉइंट आठचं शून्य.