चाक निवेपर्यंत

"थांब, थांब! चाक तापलं," मकबूल शिकलगार ओरडला आणि हातातला मोटारीचा दिवा त्यानं चाकावरून उचलला.

समोर वादी ओढत बसलेली त्याची बायको गुलबानो थांबली. शिकलगाराचं हे यंत्र म्हणजे काही विलायती प्रकरण नव्हे. लोकरीचा नमदा चढवलेलं लाकडी चाक, त्याच्या लोखंडी आसाला चामड्याच्या वादीचे वेढे आणि वादीची दोन्ही टोकं गुलबानोच्या हातात. तिनं एकदा हे टोक ओढायचं, एकदा ते. चाक गरगर फिरायचं आणि मकबूल त्यावर तलवार, अडकित्ता, नाहीतर आजच्यासारखा मोटारीचा दिवा धरून त्याचा आरसा करायचा. अख्ख्या येरमाळ्यात मोटारीला उजाळा देणारं यंत्र ते एवढंच.

आता खरं सांगायचं तर चाक तापलं नव्हतं. मकबूल धडधडीत खोटं बोलत होता.

गुलबानोला सातवा महिना होता. याआधीची दोन्ही बाळं महिने भरायच्या आत गेली. तेव्हापासून तिची घरात सक्त ताकीद होती, की या खेपेला पोटातल्या जिवाचं नाव कुणी काढायचं नाही. कौतुक नको, काळजी नको, नजर लागते. हिला वादी ओढू देऊ नका म्हणून कडूबाई सुईण सांगून थकली. पण 'जरा बस' म्हटलं की बाई फणकारायची, "म्या काय आजारी हाय?" अशा बाईला विसावा द्यायचा तरी कसा? मकबूलनं मग सगळा आजार बिचाऱ्या चाकावर ढकलला.

पण चाक आजारी म्हटल्यावर गुलबानो बसते कुठली! लगेच उठली. एरंडेलाची बाटली आणून, वाकून आसाला तेल सोडलं. नमद्यात रेतीचा एक कण राहिला तरी दिव्यावर ओरखडा उठतो, म्हणून सगळा नमदा बोटांनी चाचपला. वादी कुठं विरली का ते बघून तिला चरबी चोळली. यंत्राची अशी बडदास्त पंचक्रोशीत कुणी ठेवली नसेल. हिची पाठ मात्र भिंतीला टेकायची ती राहिलीच.

"ऱ्हाऊ दे की गं. निवतंय आपोआप," मकबूल काकुळतीला आला.

"आपोआप कसं निवंल? रोज तापतंय. येक दिवस मोडून पडलं म्हंजी?"

दारात जहागीरदाराचा डायव्हर बब्रुवान ताटकळत उभा होता. अंगात खाकी डगला, डोक्याला फेटा आणि जीव टांगणीला. दुपारच्या गाडीनं बार्शीला व्याही उतरायचे होते. मोटार आरशासारखी करून वेळेवर स्टेशनात उभी राहिली पाहिजे, असा मालकाचा हुकूम. त्यात वाटेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथला शिपाई मोटारीच्या गादीखाली हात घालून झडती घेतल्याशिवाय कुणाला सोडत नसे. एक दिवा लखलखीत झाला होता, दुसरा अजून मळकाच.

"मकबूलभाई, किती येळा तापतंय वो तुमचं चाक? सकाळपास्नं ह्येच चाललंय. मालक माझं कातडं सोलतील!"

"जुनं झालंय," मकबूल खाली बघत म्हणाला.

बब्रुवानला काही ते पटेना. गुलबानो फडकं भिजवून आणायला रांजणाकडं वळली, तेवढ्यात तो पुढं झाला आणि त्यानं आसावर तळहात ठेवला. आस गारेगार होता. त्याचं डोकंच फिरलं. 'फसवता व्हय मला?' अगदी ओठावर आलं, आणि त्यानं मकबूलकडं बघितलं.

मकबूलनं हात जोडले. मग मान बायकोकडं वळवली. गुलबानो एक हात कमरेवर ठेवून रांजणात वाकली होती. फडकं पिळून वर उठताना तिनं भिंत धरली आणि घटकाभर तशीच उभी राहिली.

बब्रुवान काही दगडाचा नव्हता. त्याला कळलं.

गुलबानो फडकं घेऊन आली, तसा तो खेकसला, "थांबा भाभी! तापल्या लोखंडावर पानी? तडकंल ना आस!"

ती जागीच थबकली. "या अल्ला! मग काय करू वो?"

"कायबी करायचं न्हाय. आमची मोटार तापली की आमी हात सुदिक लावत न्हाय. वारं लागू द्यायचं आन् गुमान बसायचं. लई गोंजारलं की यंत्र बिघडतंय. बसा तुमी तितं, भिंतीला टेकून. जवळ कुणी हाललं तरी त्येला धग लागती."

असली विद्या कुठल्या मोटारीत असते देव जाणे! पण नवऱ्याचं न ऐकणारी गुलबानो डायव्हरचं मुकाट्यानं ऐकती झाली. मोटार हाकणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार. ती बसली, पाय लांब केले आणि कधी नव्हे ती डोळे मिटून भिंतीला रेलली. मकबूलला भरून आलं. किती दिवसांनी तिला अशी निवांत बघत होता तो.

बब्रुवाननं तिथंच फतकल मारली. मळका दिवा मांडीवर घेतला, फेट्याचा शेमला सोडून त्यावर चिमूटभर उजाळ्याची पूड घेतली आणि आवाज न करता हातानंच घासायला लागला.

"आवो, आसं किती येळ घासताल? उशीर व्हईल तुमाला. मालक..." मकबूल कुजबुजला.

"मालकाचं म्या बघतो. भर उन्हात दिवे कोन बघतंय!"

ऊन उंबऱ्यावर आलं. दिव्याचा जेमतेम काठ उजळला होता. मग मकबूलही शेजारी बसला, दुसरं फडकं घेतलं आणि दोघं एकाच दिव्याला दोन्ही बाजूंनी भिडले.

"निवलं का वो?" गुलबानोनं डोळे न उघडता विचारलं.

"न्हाय, न्हाय!" दोघं एकदमच म्हणाले.