थोरल्यांचं दुखणं

वायर तिनंच काढली होती. लेक आंघोळीला गेली, तेवढ्यात तिनं मेन स्विच बंद केला, यंत्राचं झाकण उघडलं, पंख्याची निळी वायर ओढली आणि झाकण लावून, स्विच परत चालू करून गॅसपाशी जाऊन उभी राहिली. घर गार पडायला वेळ लागला नाही. लेक ओल्या केसांनी, शाल गुंडाळून बाहेर आली.

"आई, हे पुन्हा बंद?"

"काय की बाई! आत्ता तर चालू होतं." चोर तो चोर, वर शिरजोर.

हे यंत्र हिवाळ्यात घर गरम ठेवायचं आणि उन्हाळ्यात गार. लेकीच्या जन्माआधी ते घरात आलं, म्हणून सगळे त्याला 'थोरले' म्हणायचे. नवरा आयुष्यभर असलीच यंत्रं दुरुस्त करत दारोदार फिरला. थोरल्यांना मात्र त्यानं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. तो काम करायचा आणि ती शेजारी टॉर्च धरून उभी राहायची. बघून बघून तिलाही एक वायर कळली. एकच, पण तिला तेवढी पुरत होती.

कारण नवरा आता उठत नव्हता. छातीच्या दुखण्यातून वाचला, घरी आला आणि पलंगावर पडला तो पडलाच. डॉक्टर स्पष्ट बोलले होते, "हिंडते-फिरते राहिले तर आहेत. पडून राहिले तर काही खरं नाही." ती विनवून थकली, रागावून थकली, रडूनही झालं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मग एक दिवस थोरले खरोखरच बंद पडले आणि हा गडी खोकत, शिव्या घालत, पाय ओढत उठला की! दुपारभर यंत्रापुढे खुर्ची टाकून बसला. रात्री दोन घास जास्त जेवला. तिला वाटलं, देवच पावला.

तेव्हापासून तो फारच गप्प झाला की ती वायर ओढायची. तो उठायचा. गंमत म्हणजे, साधी वायर निघाली होती असं त्यानं कधी कबूल केलं नाही. "कॉम्प्रेसरच जाणार होता, थोडक्यात वाचला." नाहीतर, "आत ओल गेली होती, मी होतो म्हणून निभावलं. दुसऱ्यानं हात टेकले असते." कारागीर तो, मोठेपणा सोडेल तर शपथ! ती "हो ना" म्हणायची आणि तोंड फिरवून हसायची.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"बास झालं आई. मी येते तेव्हा हे बंदच. बाबांच्या छातीला हा गारठा झेपणार आहे का? दुकानात फोन करते, आजच नवीन बसवून टाकू."

गारठ्याचं ऐकून आईच्या काळजात चर्र झालं. तरी ती म्हणाली, "त्यांना विचारल्याशिवाय नको. थोरल्यांना काढायचं म्हटलंस तर घर डोक्यावर घेतील." घ्यावंच त्यांनी, असं तिला जीव तोडून वाटत होतं.

दोघी खोलीत गेल्या.

"बाबा, थोरले गेले. नवीन घेऊ या?"

लेकीनं आईकडे बघितलं. मग त्यानं कोपरावर भार दिला, एक पाय खाली सोडला, मग दुसरा. आईच्या जिवात जीव आला. धावत जाऊन ती टॉर्च घेऊन आली.

"टॉर्च राहू दे," तो म्हणाला. "तुम्ही दोघी आत थांबा."

दोघी स्वयंपाकघरात थांबल्या. झाकण उघडल्याचा आवाज आला. खोकला आला. पक्कड फरशीवर पडली. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू येईना. तिला वाटलं, ओरडून सांगावं, अहो, निळी, निळी वायर बघा! सगळा जन्म यात गेला आणि एवढं दिसेना यांना?

तो भिंतीला धरून दारात आला. कपाळ घामानं डबडबलं होतं.

"नाही जमत. नवीन घ्या," म्हणाला आणि पलंगावर जाऊन पडला. कॉम्प्रेसरचं नावसुद्धा काढलं नाही.

लेकीनं लगेच फोन लावला. आई मात्र थोरल्यांपाशी येऊन उभी राहिली. काय करून बसलो आपण! उठवायला गेलो आणि माणूस खचवला. सोन्यासारखा हात, आता त्याचाच भरवसा उडाला. तिनं ठरवलं, वायर गुपचूप परत लावायची. मग सांगायचं, बघा, तुमच्याच हातानं चालू झालं.

तिनं झाकण उघडलं.

निळी वायर जागच्या जागी होती. तिनं ओढून बघितली, हलेना. स्क्रू घट्ट पिळलेला होता. मेन स्विच तेवढा बंद होता. तिनं तो चालू केला. थोरले घरघरले आणि गरम हवा तिच्या तोंडावर आली.

ती तशीच खोलीत धावली. "अहो, चालू झालं! दुरुस्त केलंत की तुम्ही! मग असं का म्हणालात?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बंद कर ते," तो म्हणाला. "इतके दिवस तुझ्यासाठी उठत होतो गं. आता नाही उठवत. नवीनच येऊ दे. त्यातली कुठली वायर काढायची, ते तुला कळायचं नाही."