रुंद रिम, बारका टायर

"अरे रिकु, एवढ्या रुंद रिमवर हा एवढासा टायर? ताणून बसवशील रे, पण एखाद्या वळणावर रिम सोडून निघेल तो," बाबा म्हणाला. नुकताच कामावरून आला होता, अंगात ते चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट तसंच.

"नाही निघत. आपल्या आशिकागा शहरातले सगळे जुन्या गाड्यांना असाच बसवतात. टायर ताणलेला दिसायलाच पाहिजे, त्यातच तर मजा आहे. तू रस्त्याच्या कामावर झेंडा हलव ना, तुला गाडीतलं काय कळतंय?"

शेजारच्या ओकुबो काकूंनी खिडकी लावून घेतली, एवढा मोठ्याने ओरडलो मी.

आजोबांची ही गाडी बाबानेच मला दिली होती. मी शाळा सोडली म्हणून सगळे माझ्यावर तोंडसुख घेत होते, तेव्हा या चारही रिम त्यानेच घेऊन दिल्या. तो मान खाली घालून घरात गेला. माझं भांडण अजून संपलं नव्हतं, म्हणून मीही मागोमाग गेलो, आणि दारात त्याने काढून ठेवलेल्या बुटांना अडखळलो.



ते माझे शाळेचे बूट होते. त्याला दोन नंबर लहान, टाचा चेपलेल्या, कडेची शिवण ताणून ताणून उसवलेली.

दिवसभर तो यातच उभा असतो.

रिम अजून गाडीला लावलेल्या नाहीत, दुकानवाला परत घेईल बहुतेक. सातला बंद करतो तो. निघतो मी.