जिभेखाली

"आ कर. जीभ वर."

धाकट्याने जीभ वर केली. ताईने गोळी तिच्याखाली ठेवली आणि त्याने तोंड मिटेपर्यंत नजर हलवली नाही. मग शिलाई मशीन दाराला आडवं ओढून ती मशीनमागे बसली. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा भाऊ रोज तेवढा वेळ मुका होई, आणि ताई दिवसभराचं बोलणं त्यात उरकून घेई.

रंगकाम करताना परांचीवरून पडून त्याची पाठ गेली, तेव्हा दुखणं थांबवायला त्याला अफूच्या जातीच्या गोळ्या मिळाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. हातात ब्रश राहिला नाही आणि घरात भांडी राहिली नाहीत. आता ते व्यसन सुटावं म्हणून डॉक्टरांनी ही वेगळी गोळी दिली होती, तीही ताईच्याच हातून घ्यायची. "मधुमेहाची गोळी लोक वर्षानुवर्षं घेतातच ना? तसंच समजा. कमी कधी करायची ते मी सांगेन," असं त्यांनी बजावलं होतं. पण शेजारीण म्हणाली, "गोळी सोडवायला पुन्हा गोळीच? हे म्हणजे आगीतून फुफाट्यात." ते ताईच्या मनात घर करून बसलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. तो पोटभर जेवू लागला, मशीनला तेल घालू लागला, तिच्या गिऱ्हाइकांच्या नकला करून तिला हसवू लागला. मग हळूहळू पुन्हा व्यसनाच्या दिवसांतलं तेच. नाक गळतंय, जांभया थांबत नाहीत, पाय सारखा हलतोय. हा कुठून तरी आणतोय, असं ताईने ठरवून टाकलं. तिने त्याचे खिसे उलटे केले, उशी उसवून पुन्हा शिवली. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखीच वाढला. पाण्याला गेली तरी ती बाहेरून कुलूप लावू लागली. दोरा संपला तरी दुकानात जायचा धीर होईना. एका खोलीत दोघंही अडकली होती, किल्ली तेवढी तिच्या गळ्यात होती.

आज तर त्याचा सदरा घामाने चिंब झाला होता. ते बघून तिचा बांध फुटला.

"कोण आणून देतं तुला? जन्मभर दारात बसू का रे मी? एक दिवस मरून पडशील, आणि मलाच बघावं लागेल ते!" ती रडायलाच लागली. राग होताच, पण त्याहून मोठी भीती होती.

धाकट्याने तोंड उघडून दाखवलं. जिभेखाली काही उरलं नव्हतं.

"ताई, पूर्वी गोळी विरघळेपर्यंत तुझ्या दोन्ही बाह्या लावून व्हायच्या. हल्ली एकही पुरी होत नाही."

मशीनवरचा तिचा पाय थांबला. सैल कपडा शिवणीत आत घ्यायचा तर एकदम नाही, थोडा थोडा घ्यायचा, हे तिचं कारागिरीचं शहाणपण. तेच तिने गोळीला लावलं होतं. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून, दोरा कापायच्या कात्रीने, डॉक्टरांना न विचारता. भाऊ लवकर मोकळा व्हावा एवढंच तिला हवं होतं.

ती उठली, फळीवरून बटणांचा डबा काढला आणि त्याच्यापुढे उघडा धरला. बटणांखाली गोळ्यांचे उरलेले तुकडे होते.

"तुला कळत होतं? मग एवढं सोसलंस कशाला? पुरी मागितली का नाहीस?"

धाकट्याने बाहीला नाक पुसलं. डब्याला हात लावला नाही.

"मी गोळी वाढवून मागितली असती, तर तू डॉक्टरांकडे धावली असतीस, की दुसरं कुलूप आणायला?"